फ्रेडी मर्क्युरीचं एकट्याचं काम: तुम्ही नेमकं काय ऐकताय?

पेट पास झालात, कोर्सवर्क सुरू आहे, आणि गाईड म्हणतात, "आधी प्राथमिक साधन ठरवा." म्हणजे नक्की काय, हे मागे दोन पोस्टमध्ये अभिलेखागाराची उदाहरणं देऊन सांगितलं होतं. त्यावर बऱ्याच जणांचा सूर असा होता की ही भानगड जुन्या कागदपत्रांची. आमचा विषय सिनेमा, गाणी, अलीकडचं काहीतरी. सगळं यूट्यूबवर आहेच की.

तर आज यूट्यूबवरचंच बघू. फ्रेडी मर्क्युरी. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा, मूळ नाव फारुख बलसारा. 'क्वीन' बँडमध्ये पंधरा वर्षं गाजवल्यावर त्याने स्वतःच्या नावावर जे थोडंफार काम केलं त्याबद्दल. गेले काही आठवडे मी ते सगळं पुन्हा, सालाच्या क्रमाने ऐकतोय.

त्याच्याबद्दलचं ठरलेलं मत तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल: बँडसोबत थोर, एकटा असताना सामान्य. पहिला अल्बम 'मिस्टर बॅड गाय', 1985, म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत केलेला. सिंथेसायझर आणि नाचाचे ठेके जास्त, गिटार कमी. इंग्लंडमध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत जवळजवळ कोणी विचारलं नाही. आणि मग पुरावा म्हणून एक तुलना हमखास येते. 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' हे याच अल्बममधलं गाणं 1995 साली क्वीनच्या 'मेड इन हेवन'मध्ये पुन्हा आलं. दोन्ही ऐका, म्हणतात, आणि बघा बँड नसल्यावर काय होतं.

मी पण म्हणतो, ऐका. पण तुलना कशाची चाललीय तेही बघा. फ्रेडी 24 नोव्हेंबर 1991 ला गेला. 1995 च्या गाण्यात आवाज त्याचा, पण तो 1985 च्याच ध्वनिमुद्रणातून उचललेला. बाकी तिघांनी, म्हणजे ब्रायन मे, रॉजर टेलर आणि जॉन डीकन यांनी, त्याखाली नवं वादन भरलं. गेलेल्या मित्राच्या आवाजाभोवती तिघांनी बांधलेलं ते काम आहे. गिटार जोरदार आहे, मला आवडतंही. पण 1985 साली फ्रेडीने बँडसोबत हे गाणं कसं केलं असतं, याचा तो पुरावा होऊ शकत नाही. बँडमध्ये तो स्वतः असायचा, भांडायचा, हे नको ते ठेव म्हणायचा. 1995 मध्ये हे करायला तो नव्हता. प्रबंधात अशी तुलना लिहिलीत तर बाहेरचे परीक्षक पहिला प्रश्न इथेच विचारतील.

'लिव्हिंग ऑन माय ओन'चं तर आणखी मजेशीर आहे. 1985 मध्ये हे गाणं इंग्लंडच्या यादीत पन्नासाव्या क्रमांकावर अडकलं. 1993 मध्ये दुसऱ्यांनी त्याचं नृत्यासाठी नवं मिश्रण केलं आणि ते थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. आज 'हे गाणं माहितीय का' असं विचारलं की बहुतेकांच्या कानात 1993 चं वाजतं. दोन्हींचा व्हिडिओ म्युनिकमधल्या त्याच्या एकोणचाळिसाव्या वाढदिवसाच्या पार्टीच्या चित्रीकरणावरून केलेला. लोक काळ्या-पांढऱ्या कपड्यांत, नुसता धुमाकूळ.

आता 1985 चं मूळ शोधून शांतपणे ऐका. मधे शब्द संपतात आणि तो जॅझच्या ढंगात नुसत्या अक्षरांवर गात सुटतो. वेंब्लीच्या मैदानात हजारो लोकांना सूर देऊन तोच परत मागायचा, तीच ही लकब. फरक एवढाच की इथे समोरून परत येणारा आवाज नाही. एकटेपणावरच्या गाण्यात हाकेला ओ नसणं, आणि ते गर्दीच्या पार्टीच्या चित्रांवर! 1993 च्या ठेक्यात ही पोकळी भरून गेली, आणि कदाचित म्हणूनच गाणं चाललं. मला विचाराल तर एकट्या फ्रेडीचं सामर्थ्य जिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं ती जागा 1985 च्याच गाण्यात आहे, आणि 'सामान्य' म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी ती ऐकली असेल याची मला शंका आहे.

हा प्रकार आपल्याला नवा वाटायचं कारण नाही. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीला नामदेवांचं जन्मगाव मानतात. गाथा उघडा. त्यात तेरा-चौदाव्या शतकातले नामदेव आहेत, आणि 'विष्णुदास नामा' अशी मुद्रा लावणारा, बराच नंतरचा कवीसुद्धा आहे. शीख परंपरेने गुरु ग्रंथसाहिबात जपलेली नामदेवांची एकसष्ट पदं तर वेगळ्या भाषेत, वेगळ्या वाटेने आलेली. नामदेवांच्या काव्याचा विशेष असा आहे, तसा आहे, हे वाक्य लिहिण्याआधी अभ्यासकाला कुठली संहिता हे सांगावं लागतं. भक्तांना त्याची गरज पडत नाही, आणि पडायचं कारणही नाही. फ्रेडीच्या चाहत्यांचंही तसंच. तुम्ही मात्र प्रबंध लिहायला बसलाय.

'देअर मस्ट बी मोअर टू लाइफ दॅन धिस' घ्या. 1985 मध्ये एकट्याचं गाणं. 2014 मध्ये क्वीनच्या संग्रहात तेच मायकेल जॅक्सनबरोबरचं युगलगीत म्हणून आलं, दोघांच्या 1983 च्या जुन्या ध्वनिमुद्रणावरून तयार केलेलं. आता सांगा, यातलं आधीचं कोणतं? ध्वनिमुद्रण बघितलं तर एक उत्तर, प्रकाशन बघितलं तर दुसरं. तुमच्या कालानुक्रमाच्या तक्त्यात दोन रकाने लागतील. अपलोडच्या तारखेचा तिसरा रकाना केलात तरी चालेल, फक्त ती तारीख पहिल्या दोनमध्ये घुसू देऊ नका. (हे मी दर वेळी सांगतो, कारण दर वेळी कोणीतरी घुसवतंच.)

व्हिडिओंकडे वळू. 'द ग्रेट प्रिटेंडर', फेब्रुवारी 1987. गाणं मूळचं पन्नाशीच्या दशकातल्या 'द प्लॅटर्स'चं. व्हिडिओत फ्रेडी स्वतःच्याच जुन्या व्हिडिओंमधले प्रसंग पुन्हा उभे करतो, जुन्याच पोशाखांत. रॉजर टेलर आणि पीटर स्ट्रेकर बायकांच्या वेषात मागे साथ देतात. मिशी मात्र गेलेली आहे, त्यामुळे नक्कल कुठली आणि जुना तुकडा कुठला हे ओळखायला थोडी मदत होते. कलावंताने स्वतःच्या कामावर केलेली समीक्षा म्हणून मला हा व्हिडिओ फार मोलाचा वाटतो. राजा, प्रियकर, बंडखोर ही सगळी सोंगं होती, असं तो हसत हसत दाखवतो.

पण यावर एक लाडकं वाचन आहे: मरणाची चाहूल लागलेल्या माणसाचा हा निरोप. एडवर्ड सईदचं 'ऑन लेट स्टाइल' वाचलेला विद्यार्थी तर लगेच 'उत्तरकालीन शैली' असं प्रकरणाचं नाव ठेवून मोकळा होतो. थांबा जरा. त्याचा जोडीदार जिम हटनच्या आठवणींप्रमाणे एचआयव्हीचं निदान एप्रिल 1987 च्या अखेरीस झालं. व्हिडिओ त्याच्या दोन महिने आधीचा. मनात शंका आधीपासून असेलही, पण नुसत्या शंकेवर प्रकरण उभं राहत नाही. शेवट आपल्याला माहीत असतो, म्हणून आधीच्या प्रत्येक गोष्टीत तो दिसायला लागतो.

उत्तरकालीन शैलीचा प्रश्न विचारायचाच असेल तर 'बार्सिलोना'ला विचारा. सोप्रानो मोन्सेरात काबाये यांच्याबरोबरचा हा अल्बम ऑक्टोबर 1988 चा, म्हणजे निदानानंतरचा. माइक मोरनबरोबर बनवलेला, बहुतेक वाद्यवृंद कीबोर्डवर उभा केलेला. 2012 मध्ये तो खऱ्या वाद्यवृंदासह नव्याने काढला. नवा कानाला भरदार वाटतो यात वाद नाही. तरी मला 1988 चा जास्त पटतो. कीबोर्डची तंतुवाद्यं थोडी प्लास्टिकची वाटतात, त्यामुळे दोन आवाज उघडे पडतात, आणि ऑपेराच्या दारात उभा असलेला रॉक गायक किती धाडस करतोय ते ऐकू येतं. मागे ऐंशी वादक बसवले की तेच धाडस रीतसर कार्यक्रम होऊन बसतं. याच्या उलट मत असू शकतं. फक्त आपण कुठल्या सालच्या आवृत्तीबद्दल भांडतोय ते दोघांनी आधी सांगावं.

'टाइम' नावाच्या संगीतिकेसाठी 1986 मध्ये गायलेलं गाणं 2019 साली 'टाइम वेट्स फॉर नो वन' म्हणून आलं. सगळी साथ काढून फक्त आवाज आणि पियानो. 'अखेर अस्सल फ्रेडी' असं त्याचं स्वागत झालं. पण तो पियानो माइक मोरननेच नव्याने वाजवून घातलेला आहे. आवाज 1986 चा, साथ तीस वर्षांनंतरची. सगळ्यात उघडं-वाघडं वाटणारं ध्वनिमुद्रणही जुळवलेलंच निघालं. सुंदर आहे, डोळे पाणावतात, ते वेगळं.

आवाज आणि पियानो एवढंच, आणि तेही त्याच काळात केलेलं, हवं असेल तर 1987 च्या 'द ग्रेट प्रिटेंडर'च्या सिंगलची दुसरी बाजू काढा: 'एक्सरसाइजेस इन फ्री लव्ह'. शब्द नाहीत. काबायेंसारखं गायचा प्रयत्न करत फ्रेडी उंच स्वरात नुसते आकार घेतोय. मग 'बार्सिलोना'तलं 'एन्सुएन्यो' लावा. चाल तीच, आता शब्द आहेत आणि काबाये स्वतः आहेत. दोन्ही हेडफोन लावून ऐका, आणि ते जिथे एकमेकांपासून वेगळे होतात त्या जागांचे सेकंद वहीत लिहून काढा. पुढच्या पोस्टच्या आधी मला पाठवलेत तर त्यावरच बोलू.