घरोघरचा तंबोरा

जानेवारीतल्या रविवारी सकाळी आमच्या घरी एक विधी असतो. बाहेर पारा शून्याच्या खूप खाली असतो. गाडी दहा मिनिटं आधी सुरू करून आतून ऊबदार करायची, मागची सीट आडवी पाडून त्यावर जुनी गोधडी अंथरायची, आणि मग गवसणीतला तंबोरा दोघांनी धरून बाहेर काढायचा. एकाच्या हातात दांडी, दुसऱ्याच्या हातात भोपळा. दारापासून गाडीपर्यंत वीसच पावलं, पण तेवढ्यात कुणी एक शब्द बोलत नाही. माझी मुलगी भोपळ्याच्या बाजूला बसते आणि गाणं शिकवणाऱ्या ताईंचं घर येईपर्यंत त्यावरचा हात काढत नाही.

हा तंबोरा कुणा एकाच्या मालकीचा नाही. शिकागोच्या पश्चिमेला राहणाऱ्या आम्हा दहा-बारा मराठी घरांचा तो सामाईक आहे. ताई आपल्या घराच्या बेसमेंटमध्ये दर रविवारी मुलांना गाणं शिकवतात. वर्ग संपला की ज्याची पाळी असेल त्याच्या घरी तंबोरा आठवडाभर मुक्कामाला जातो. वर्ग सुरू झाला तेव्हा ताईंनी अट एकच घातली होती. तुमच्या मुलाला किती राग येतात हे मला नको, त्याला तंबोरा जुळवता आला पाहिजे. तेव्हा ती अट आम्हा पालकांना जरा कडक वाटली होती. आता वाटतं, या परक्या मुलखात आपलं गाणं टिकलं असेल, तर ते असा हट्ट धरणाऱ्या माणसांमुळे.

तंबोरा मिरजेचा. मंगळवेढा-पंढरपूरच्या बाजूला पिकणारा कडू भोपळा उन्हात वाळवून, कापून, त्याला तुणाच्या लाकडाची दांडी जोडणारी घराणी मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले आणि इथल्याच मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. खाँसाहेबांना तंबोऱ्याची जवारी स्वतः काढता यायची. गायकाचा कान आणि कारागिराचा हात एकाच माणसात, असा तो काळ होता. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या ग्रुपवर दिवसभर पेढ्यांची चित्रं फिरत होती. ताईंनी मात्र खरेच पेढे केले.

मिरजेहून इथवरचा प्रवास आमच्या तंबोऱ्याला सोसला नाही. विमानातून उतरून पेटी उघडली तेव्हा भोपळ्याला बोटभर लांब तडा गेलेला होता. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मिरजेच्या कारागिरांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे दहा वाजलेले. ते गृहस्थ जेवणावरून उठले, चष्मा लावला आणि म्हणाले, "बाई, रडू नका, भोपळा फुटला म्हणजे तंबोरा गेला असं नसतंय. आतनं पट्टी मारायची." आमच्यातल्या एकांना सुतारकामाची हौस. त्यांनी कारागीर सांगतील तशी आतून कापडाची पट्टी चिकटवली, बाहेरून दोरी आवळून तीन दिवस तसाच ठेवला. ती शिवण आजही हाताला लागते. मुलं येता-जाता त्या शिवणीवर बोट फिरवतात.

इथला हिवाळा वाद्यांना माणसांपेक्षा कठीण जातो. फर्नेस दिवसरात्र चालू, घरातली हवा कोरडी ठक्क. लाकूड आकसतं, खुंट्या सैल पडतात आणि जुळवलेली तार बघता बघता उतरते. तबल्याचं उलट, कातडं ताणलं जाऊन सूर चढतो आणि हातोडीने गट्टे वर घेत बसावं लागतं. जुलैत दमट हवा आली की सगळं फिरतं, खुंट्या अशा घट्ट बसतात की वळता वळत नाहीत. म्हणून तंबोऱ्याशेजारी पाण्याचं भांडं ठेवायचं, खुंटीला खडू लावायचा, गवसणी कायम घालायची, हे शिक्षण सा लावण्याच्या आधीचं. आठ-नऊ वर्षांची मुलं एकमेकांना विचारतात, "पाणी ठेवलं होतंस ना?"

मग तंबोरा जुळवणं. माझ्या मुलीला पहिल्यांदा ते कसं साधलं ते मी शेजारी बसून पाहिलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, त्या दोन्ही षड्‌जाच्या, आणि शेवटची पितळेची जाड तार खर्जाची. खुंटीने ढोबळ सूर आणायचा, मग भोपळ्यावर घोडीच्या खालच्या अंगाला असलेला मणी केसभर सरकवून नेमका करायचा. शेवटी तार आणि घोडी यांच्यामधला सुती दोरा, ज्याला जीव म्हणतात, तो अगदी हळू पुढे-मागे करायचा. दोरा जागेवर नसेल तर तार नुसती टणत्कारते. एका ठिकाणी आला की तीच तार उघडते, आवाज पसरतो, गोल होतो. त्यालाच जवारी बोलणं म्हणतात. 'जीव' हे नाव ज्याने ठेवलं त्याने दुसऱ्या कशाचा विचारच केला नसेल.

त्या दिवशी तिला वीस मिनिटं लागली. जोडीच्या दोन तारांमध्ये एक बारीक लाट ऐकू येत होती, दोन सूर एकमेकांना घासत असल्यासारखी. ताई डोळे मिटून बसल्या होत्या. चढी की उतरी, काही सांगत नव्हत्या. हळूहळू लाट लांबली, मंदावली आणि नाहीशी झाली. मग खर्ज छेडला आणि खोलीत गंधार ऐकू आला. चार तारांपैकी एकही गंधाराची नाही, तरी तो तिथे होता. आपल्याकडे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पोर दचकून ताईंकडे बघत म्हणाली, "हे कोण गातंय?" ताईंनी डोळे उघडले, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता म्हण सा."

आज प्रत्येकाच्या फोनमध्ये तंबोरा आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. रोजच्या रियाजाला मुलं तोच लावतात, आणि त्याच्यामुळेच शाळा, पोहणं, गणिताचा क्लास यांतून रियाजाला वीस मिनिटं निघतात. परवा एकाने विचारलं, "ताई, ॲपच लावू का?" ताई म्हणाल्या, "लाव ना. घरी लाव. इथे मात्र आधी तार जुळवायची." फोनमधला सूर तयार मिळतो, तो आपल्याकडे काही मागत नाही. जुळवणाऱ्याला मात्र आपला कान पणाला लावावा लागतो, आणि एकदा तयार झालेला कान मुंबईत असो की इलिनॉयमध्ये, बेसूर सोसत नाही.

आमच्या आधीच्या पिढीकडे असला फोनही नव्हता आणि तंबोराही नव्हता. अमेरिकेत १९६५ चा स्थलांतराचा कायदा झाला आणि आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनिअर मोठ्या संख्येने इथे येऊ लागले. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ चं. त्या काळातले एक काका सांगतात, भारतात जाऊन आलेल्या माणसाच्या सामानात दोन तबकड्या असल्या तर त्या आठवड्यात त्याच्या घरी पंधरा माणसं जेवायला असत. कॅसेट आल्या तेव्हा एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा प्रती निघत, शेवटच्या प्रतीत गाण्यापेक्षा खरखर जास्त, तरी ती कुणी टाकली नाही. २७ ऑगस्ट १९७६ चा दिवस काकांना लख्ख आठवतो. लताबाईंबरोबर दौऱ्यावर आलेले मुकेश त्या दिवशी डेट्रॉइटमध्ये वारले. बातमी फोनवरून एकेका घरी पोचत गेली. संध्याकाळी ठरवल्यावाचून काही कुटुंबं एका घरी जमली आणि रात्रभर मुकेशची गाणी लावून बसली.

शास्त्रीय गाण्याची वाट इथे त्याआधीच उघडली होती. उस्ताद अली अकबर खाँ १९५५ मध्ये न्यूयॉर्कला येऊन वाजवून गेले, १९६७ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात संगीत विद्यालय काढलं आणि २००९ मध्ये जाईपर्यंत तिथे शिकवलं. याच खाँसाहेबांनी १९५२ च्या 'आंधियाँ' या हिंदी चित्रपटाला संगीत दिलं होतं. शास्त्रीय मोठं आणि सिनेमातलं हलकं, अशी भिंत त्या माणसांनी स्वतः कधी बांधली नाही. ती बांधली आपण, ऐकणाऱ्यांनी.

ताईंच्या वर्गात ती भिंत नाही. बरीच मुलं येतात ती चित्रपटातलं एखादं गाणं मनात घेऊनच. एका मुलाला फक्त सिनेमाचीच गाणी गायची होती. ताईंनी त्याला 'भाभी की चूडियाँ' या १९६१ च्या चित्रपटातलं लताबाईंचं पहाटेचं गाणं ऐकवलं. संगीत सुधीर फडक्यांचं. मुलगा दोन महिने तेच गात राहिला. मग ताईंनी त्याला वहीत त्याचे स्वर लिहायला लावले. पाचच निघाले, सा रे ग प ध, त्याने इंग्रजी अक्षरांत लिहिलेले. त्यानंतर त्याला 'गीतरामायणा'तलं पहिलं गाणं शिकवलं. संगीतकार तेच आणि स्वरही तेच पाच. गदिमा आणि बाबूजी फडक्यांनी पुणे आकाशवाणीवर १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर लोकांना ऐकवलेल्या छप्पन्न गाण्यांचा आरंभ भूपातला. मुलाने आपण होऊन विचारलं, "स्वर सारखे, मग दोन्ही वेगळी का वाटतात?" ताईंनी समजावलं, भूपात गंधारावर मुक्काम, सिनेमातल्या गाण्याच्या देसकारात धैवताकडे ओढ, भूप संध्याकाळचा, देसकार सकाळचा. सहा महिन्यांनी तो मुलगा भूपातला छोटा ख्याल गात होता. सिनेमाचं गाणं त्याने सोडलं नाही, आणि का सोडावं?

सकाळ-संध्याकाळवरून एक आठवलं. मारवा, पूरिया हे सूर्यास्ताच्या संधिप्रकाशातले राग. डिसेंबरात शिकागोचा सूर्य दुपारी चार वीसला मावळतो, मुलं शाळेच्या बसमधून उतरत असतात तेव्हा. जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड. मग मारवा कधी गायचा? ताई म्हणतात, घड्याळ बघू नका, खिडकी बघा. गेल्या डिसेंबरात एका शनिवारी सगळ्यांना साडेतीनलाच बोलावलं. पंचमाची तार निषादाला लावली, दिवे न लावता बसलो. बाहेर बर्फावर निळी सावली पसरत गेली आणि ताई मारव्यात षड्‌जाला टाळत राहिल्या. कोमल रिषभावर थांबत, सा जवळ आला की वळून जात. खोलीत एकमेकांचे चेहरे दिसेनासे झाले तेव्हा कुठे त्या सा वर आल्या. एका आजोबांनी हळूच डोळे पुसले. पुण्यातल्या कितीतरी मैफलींत मी मारवा ऐकला होता, रात्री नऊनंतर, झगमगत्या मंचावरचा. त्याची वेळ मला कळली ती इथे.

या आठवड्यात तंबोरा आमच्याकडे आहे. दिवाणखान्यात सोफा थोडा सरकवून त्याला भिंतीशी जागा केली आहे, शेजारी पाण्याचं पितळी भांडं. मुलीची शाळेची चाचणी आहे, त्यामुळे रोज जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात आणि त्यातली दहा जुळवण्यात जातात. काल रात्री मी भांडी घासत होते. आतून पंचम आला, मग जोडी, मग खर्ज. जोडीत किंचित लाट होती. मी नळ बंद केला आणि वाट बघत उभी राहिले.