मासळीबाजारातील सत्याग्रह

युद्धाविषयीचे चित्रपट बहुधा बंदुकीच्या मागे धावतात. जिनी रेटिकर यांचा २००८ सालचा 'प्रे द डेव्हिल बॅक टू हेल' हा अनुबोधपट मात्र मासळीबाजारापाशी थांबतो. लायबेरियाच्या राजधानीत, मन्रोव्हियात, २००३ साली पांढरी वस्त्रे ल्यालेल्या ख्रिस्ती आणि मुसलमान स्त्रिया तेथे उन्हापावसात दिवसामागून दिवस बसून राहिल्या. मागणी एकच : युद्ध थांबवा. कॅथलिक चर्चच्या 'रेडिओ व्हेरितास' केंद्रावरून त्यांची हाक घरोघरी पोचली. वृत्तचित्रकारांनी मात्र त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नव्हते. ते विखुरलेले चित्रण शोधून एकत्र आणले, हेच या कृतीचे पहिले श्रेय होय.

चित्रपटाचा कळस घानातील आक्रा येथील शांतता-परिषदेत आहे. वाटाघाटी रेंगाळताच स्त्रियांनी सभागृहाच्या दारातच ठाण मांडले. त्यांची नेती लेमा ग्बोवी हिला अटक करण्यास रक्षक आले, तेव्हा ती स्वतःची वस्त्रे उतरवू लागली. मातेची विवस्त्रता पाहणे हा पश्चिम आफ्रिकेत शाप मानला जातो. रक्षक मागे सरले. ज्या स्त्रीदेहाची युद्धाने विटंबना केली, तोच देह येथे शांततेची ढाल झाला. दिग्दर्शिकेने या प्रसंगावर भाष्य लादलेले नाही, हा संयम आम्हांस मोलाचा वाटतो. पुढे ११ ऑगस्टला अध्यक्ष चार्ल्स टेलर पायउतार झाले आणि १८ ऑगस्ट २००३ रोजी करार झाला.

परंतु येथूनच आमचा आक्षेप सुरू होतो. २००५च्या निवडणुकीत एलेन जॉन्सन सरलीफ विजयी होतात आणि चित्रपट त्या आनंदात विसावतो. बलात्कारित मुलींच्या व्यथेचा उल्लेख येतो. त्यांच्या न्यायाचा प्रश्न मात्र मागेच राहतो. वास्तविक करार होणे आणि स्त्री सुरक्षित होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. टेलर यांना २०१२ साली शिक्षा झाली, त्यात बलात्कार व लैंगिक गुलामगिरी हे गुन्हेही होते. पण ते शेजारच्या सिएरा लिओनमधले. लायबेरियात युद्धगुन्ह्यांचे न्यायालय उभारण्यासाठी कार्यालय स्थापण्याचा अध्यक्षीय आदेश निघाला, तो २०२४ साली! दरम्यान २००७ ते २०१६ या काळात भारतीय महिला पोलिसांच्या तुकड्या मन्रोव्हियात गस्त घालीत होत्या. संयुक्त राष्ट्रांचे सर्व महिलांचे ते पहिलेच पोलीस पथक. करारानंतरही रक्षणाची गरज किती होती, हे यावरून कळावे.

ग्बोवी यांचे २०११चे आत्मकथन या बाबतीत अधिक निर्भय आहे. घरात सोसलेली मारहाण, मद्याचा आधार, काहीच त्या झाकत नाहीत. त्याच वर्षी त्यांना नोबेल शांतता पुरस्कार लाभला.

आपल्या लोकांसाठी प्राण पणाला लावणारी एस्तेर राणी आम्हांस येथे आठवते. मात्र एस्तेरच्या धैर्याचे गोडवे गाऊन भागत नाही. जिच्यावर अत्याचार झाला तिचे ऐकून घेणे, तिला दोष न देणे, तिला न्यायापर्यंत सोबत करणे, हेही शांतीचेच कार्य आहे. हा अनुबोधपट वाचकांनी कुटुंबातील मोठ्या मुलामुलींसह अवश्य पाहावा, आणि जे तो सांगत नाही त्यावर घरी बोलावे.