हौशी छायाचित्रे आणि कागद

चेन्नईतील हौशी छायाचित्रकारांची परंपरा जुनी आहे. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ मद्रास आपले स्थापनावर्ष १८५७ मानते. डिजिटल छायाचित्रांच्या प्रती घरच्या इंकजेट यंत्रावर काढून त्या एकमेकांस दाखविण्याची व भेट देण्याची हौस येथील मंडळींत आहे, हे आम्हांस समाधानाचे वाटते. परंतु त्या प्रती पाहताना एक तक्रार मनात येतेच. त्यांतील बहुतेक कागदासाठी घडविलेल्या नसतात. पडद्यासाठी केलेले चित्र कागदावर नुसते उतरलेले असते.

पडदा स्वतः उजळतो, कागद मात्र खोलीतला उजेडच परत देतो. म्हणून मरीनाच्या पहाटेतला जो तपशील पडद्यावर स्पष्ट असतो, तो कागदावर काळ्या डागात बुडतो. मग हौशी मनुष्य रंग भडक करतो, कडा धारदार करतो, आणि कोळ्याच्या जाळ्याचा प्रत्येक धागा तारेसारखा ताठ होतो. आमच्या मते हा उपाय नव्हे. वापरावयाच्या कागदाचे व शाईचे प्रोफाइल लावून आधी पोस्टकार्डाएवढी प्रत काढावी, ती जेथे लावावयाची तेथल्याच उजेडात पाहावी आणि सावल्या तेवढ्या किंचित उघडाव्यात. चकचकीत कागदाचा मोहही आवरावा. खिडकीसमोर त्यात चित्रापेक्षा पाहणाराच अधिक दिसतो. महागड्या कॅमेऱ्याची सबब येथे चालणार नाही. इंचास ३०० बिंदू धरले तरी ए-४ आकारास सुमारे ८७ लाख बिंदू पुरतात, आणि तेवढे साध्या मोबाइलातही मिळतात.

फेरफार हा काही संगणकाचा शोध नव्हे. कॅप्टन लिनियस ट्राइप हा मद्रास सैन्यातील अधिकारी, म्हणजे आमच्या वाचकांप्रमाणेच घरापासून दूर नेमणुकीवर असलेला गृहस्थ. हौसेने त्याने कॅमेरा हाती घेतला आणि १८५६ मध्ये मद्रास इलाख्याचा सरकारी छायाचित्रकार म्हणून त्याची नेमणूक झाली. कागदी निगेटिव्हवरील कोऱ्या आकाशात तो हाताने ढग रंगवी! परंतु ज्या तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा मराठी इतिहास कोरविला, तेथील जोत्यावरचे जुने शिलालेख १८५८ मध्ये टिपताना त्याने २१ प्रती जोडून सुमारे १९ फुटांची पट्टी केली. तेथे शोभेचा सोस नाही. दगडावरचे अक्षर कागदावर वाचता यावे, एवढाच आग्रह आहे. पुढे गव्हर्नर ट्रेव्हेल्यन यांस हा सारा खर्च चैनीचा वाटला आणि १८६० पर्यंत काम गुंडाळले गेले. लेखाशीर्षापुढे कलेचे काय चालते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

हा आग्रह आजच्या देवघेवीत क्वचितच आढळतो. प्रत हाती येते, 'छान' म्हटले जाते आणि ती पुढे सरकते. देणाऱ्याने प्रतीच्या पाठीवर पेन्सिलीने स्थळ, तारीख, कागद व शाई यांची नोंद करावी. घेणाऱ्याने ती खिडकीशी नेऊन कोणता काळा भाग मुका झाला आहे, कोणता पांढरा भाग जळला आहे, ते स्पष्ट सांगावे. मित्राची दुसरी प्रत त्यावाचून सुधारावी कशी?