वाळूत न उतरलेले रोव्हर

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले आणि शालेय विज्ञान-प्रदर्शनांत रोव्हरच्या प्रतिकृतींची रांग लागली. त्यानंतर रायगडच्या किनारपट्टीवरील शाळांच्या एका प्रदर्शनात मी परीक्षक होतो. त्या प्रतिकृतींविषयी आणि त्यांना गुण देणाऱ्या आम्हा परीक्षकांविषयीही थोडे स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते.

बहुतेक प्रतिकृती देखण्या होत्या. सहा चाके, चंदेरी कागद, चाकांवर राजमुद्रा. बटण दाबताच गाडी गुळगुळीत टेबलावर धावे आणि विद्यार्थी पाठ केलेली माहिती सांगे. चाके सहाच का, असे विचारले की उत्तर येई, "प्रज्ञानला सहा आहेत म्हणून." एक चाक दगडावर चढले तरी बाकीची जमिनीला टेकून राहावीत आणि वजन सर्वांवर वाटले जावे, यासाठी ती जोडदांड्यांची रचना असते. पण टेबलावर दगडच नव्हता, तर हा प्रश्न मुलांना पडावा कसा?

एका मुलीची गाडी मात्र घमेल्यातल्या वाळूत होती. आमच्यासमोर ती वीतभर चालली आणि रुतली. मी शेरा लिहिला, "प्रतिकृती कार्यान्वित नाही." तिची वही मी पाहिली ती निकाल लागल्यावर.

वहीत किनाऱ्यावर घेतलेल्या चाचण्यांच्या नोंदी होत्या. चाकाचा व्यास ७ सेंमी, म्हणजे परीघ सुमारे २२ सेंमी. पाच फेऱ्यांत गाडीने ११० सेंमी जायला हवे. कोरड्या वाळूत ती ४४ सेंमीच गेली, म्हणजे घसरण ६० टक्के. चाकांना काथ्या गुंडाळल्यावर ७७ सेंमी, म्हणजे घसरण ३० टक्के. प्रदर्शनातले खरे विज्ञान या चार ओळींत होते आणि आमच्या गुणपत्रकात त्यासाठी रकानाच नव्हता.

खऱ्या रोव्हरचे अभियंतेही हेच मोजतात. मंगळावरील क्युरिऑसिटीच्या चाकांना मोर्स लिपीतील खुणांच्या खाचा आहेत. त्यांचे ठसे मातीत उमटतात आणि त्यांच्यातील अंतरावरून चाक किती घसरले ते कळते. वरवर पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. आपल्या प्रतिकृती नक्षी उचलतात, काम सोडून देतात.

अपयशाचेही तसेच. २००४ साली मंगळावर उतरलेला स्पिरिट मे २००९ मध्ये भुसभुशीत मातीत रुतला. कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत तशाच गुणधर्मांची माती पेटीत भरून, उतार देऊन, चाचणीचा रोव्हर मुद्दाम रुतवण्यात आला. मंगळाचे गुरुत्व पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्केच, म्हणून एक हलका रोव्हरही वापरला. तरीही स्पिरिट सुटला नाही. मार्च २०१० नंतर त्याचा संदेश आला नाही. पण त्याआधी, २००६ साली बंद पडलेले त्याचे एक चाक फरफटत चालले होते. त्याने खरवडलेल्या चरात २००७ साली सिलिकाने समृद्ध माती उघडी पडली आणि तिथे कधीकाळी उष्ण पाणी वा वाफ होती असा पुरावा मिळाला. आमच्या गुणपत्रकात स्पिरिटलाही "कार्यान्वित नाही" हाच शेरा मिळाला असता!

अलिबागहून ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्याकडे घोडागाडीतून जाणाऱ्याला ठाऊक असते, की ओल्या घट्ट वाळूवर चाक सहज धावते आणि कोरड्या वाळूत रुतते. ओल्या वाळूचे कण पाण्यामुळे धरून राहतात. मंगळावर ती सोय नाही. म्हणून चाचणी घ्यायची ती भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत. शिवाय मंगळापर्यंत संदेश पोहोचायला सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात. तेव्हा हातातले बटण काढून घ्यावे, आज्ञा आधी कागदावर लिहायला सांगाव्यात आणि मग गाडी सोडावी. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेलाही हे जमेल.

शिक्षकांना विनंती एवढीच, की पुढच्या प्रदर्शनात गाडीआधी वही मागा. गाडी कुठे अडली आणि त्यानंतर काय बदलले, हे दोन प्रश्न विचारा. मी ते विचारले नाहीत. त्या मुलीला सहभागाचे प्रमाणपत्र मिळाले आणि पहिले बक्षीस टेबलावरून कधीच न उतरलेल्या गाडीला गेले. त्या निकालपत्रावर सही माझीच आहे.