एका मोगऱ्याची नोंद

पुण्यातल्या एका बागसल्लागार बाईंची वही काही दिवस माझ्याकडे होती. साधी, शंभर पानी. लोकांच्या गच्चीवर जायचं, कुंड्या पाहायच्या आणि उठण्याआधी तिथंच लिहायचं, ही त्यांची रीत. त्यातली मोगऱ्याची एक नोंद मी पुन्हा पुन्हा काढून वाचली.

तक्रार घरच्यांच्याच शब्दांत आहे : ‘मोगरा पिवळा पडलाय, कोणतं खत घालू?’ त्याखाली, ‘पाहिलं’ असं लिहून : ‘नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या. जुनी ठीक.’ यातला ‘नवी’ हा शब्द झाकून पाहा, निदानच हातातून निसटतं. मॅग्नेशियम कमी पडलं तर झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्यांना पुरवतं, म्हणून आधी जुनी पानं पिवळी पडतात. लोहाला तसं हलता येत नाही. ते कमी पडलं की शेंड्याकडची पानं पिवळी होतात. दोन अक्षरांत बाई लोहापर्यंत पोचल्या आहेत, आणि लोहाचं नाव अजून कागदावर आलेलंही नाही!

पुढे : ‘बोट घातलं, दोन पेरं ओलं. बशीत पाणी साचलेलं. काठाला पांढरे क्षार. पाणी बोअरचं.’ चार तुटक वाक्यं, पण एकात एक गुंतलेली. जड पाण्यानं माती विम्लधर्मी होते आणि तिच्यातलं लोह मुळांना घेता येईल अशा रूपात उरत नाही. त्यात सतत ओल राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती आणखी दुबळी होतात. घास घशाशीच अडलेला असताना ताटात आणखी काय वाढायचं? ‘खत सध्या नाही’ ही ओळ बाईंनी अधोरेखित केली आहे. न दिलेला सल्लाही लिहून ठेवावा, हे मला फार मोठं वाटतं. पुढच्या भेटीत त्याचाच आधार असतो.

सगळ्यात सुंदर ओळ मात्र समासात आहे, बारीक अक्षरात : ‘पाणी – सकाळी आजोबा, संध्याकाळी सूनबाई. एकमेकांना माहीत नाही.’ कुंडीतली ओल कुठून आली हे मातीत बोट घालून कळलं नसतं; त्यासाठी चहा घेत दोघांशी वेगवेगळं बोलावं लागलं असणार. मग सल्ला : ‘बशी काढा. तळाचं भोक मोकळं करा. बोट कोरडं निघालं तरच पाणी. पाणी आजोबांनीच घालावं.’ झाडाची जबाबदारी कुणाकडे राहावी, हे त्या ‘च’नं किती अदबीनं ठरवून टाकलं आहे.

तीन आठवड्यांनंतरची नोंद त्याच पानावर, वेगळ्या शाईत : ‘नवी पानं हिरवी. आधीची पिवळी तशीच, ती राहणार हे सांगितलं होतं. कळ्या सात. आजोबांनी मोजून दाखवल्या.’