टर्नर यांचे ‘लॉस ऑफ ॲन ईस्ट इंडियामन’ : अंतराचा प्रश्न

इंग्लिश चित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नर (१७७५-१८५१) यांच्या समुद्रचित्रांचा विचार बहुधा तैलचित्रांच्या आधारे केला जातो. बेडफर्ड येथील हिगिन्स संग्रहालयातील, सुमारे १८१८ सालचे ‘लॉस ऑफ ॲन ईस्ट इंडियामन’ हे जलरंगचित्र त्या मानाने उपेक्षित राहिले आहे. वादळात कलंडलेले जहाज, उतरत्या डेकवर दाटलेली माणसे आणि त्यांच्यावर कोसळणाऱ्या लाटा, एवढाच त्याचा विषय.

अशा चित्रांना ‘उदात्त’ म्हणण्याची प्रथा आहे. परंतु एडमंड बर्क यांनी १७५७ च्या प्रबंधात, भय आनंददायी ठरण्यासाठी त्याच्यापासून काही अंतर आवश्यक मानले होते. नेमके तेच अंतर येथे प्रेक्षकाला मिळत नाही. उभे राहून पाहावे असा किनारा नाही. नजर थेट डेकवरील गर्दीत पडते. खलाशी कोण आणि प्रवासी कोण, हेही सहज उमगत नाही. तेव्हा ‘उदात्त’ हे विशेषण येथे सवयीने चिकटवलेले वाटते.

फार्नली हॉलचे वॉल्टर फॉक्स यांच्यासाठीच टर्नर यांनी १८१८ मध्ये ‘अ फर्स्ट रेट टेकिंग इन स्टोअर्स’ हे जोडचित्र केले. न्याहारी ते दुपारचे जेवण एवढ्या अवधीत, कागद रंगाने चिंब करून, तो खरवडून ते पुरे झाल्याची आठवण फॉक्स कुटुंबात सांगितली जाई. त्यात युद्धनौकेचा अजस्र देह पाण्यावर स्थिर उभा आहे. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली म्हणजे दुसऱ्यातील जहाजाची असहायता अधिक जाणवते.

हे चित्र पूर्वी युद्धनौकेच्या नाशाचे म्हणून ओळखले जाई. पुढे त्याचा संबंध ‘हॉल्सवेल’ या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाशी जोडला गेला. मद्रासला निघालेले हे जहाज ६ जानेवारी १७८६ रोजी डॉर्सेटच्या किनाऱ्यावर फुटले; कप्तान रिचर्ड पिअर्स आपल्या दोन मुलींसह बुडाले. कंपनीच्या इतिहासाशी निगडित असलेल्या भारतीय वाचकाला हा संदर्भ महत्त्वाचा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्याचा आधार फार घेता येत नाही. ‘हॉल्सवेल’वरील जे वाचले, ते कडा चढून वाचले. टर्नर यांनी तो कडाच वगळला आहे.