शांतता म्हणजे समेट काय? : वार्ष्णेय यांचा सिद्धान्त आणि सुरत

आशुतोष वार्ष्णेय यांचा हिंदू-मुस्लिम संघर्ष व नागरी जीवन यांविषयीचा इंग्रजी ग्रंथ २००२ साली प्रसिद्ध झाला. १९५० ते १९९५ या काळातील दंगलींच्या मृत्यूंपैकी सुमारे ४६ टक्के मृत्यू केवळ आठ शहरांत झाले, हा त्यातील निष्कर्ष सर्वपरिचित आहे. शेजाऱ्यांच्या रोजच्या जाण्यायेण्यापेक्षा दोन्ही समाजांच्या संयुक्त संघटना शांतता अधिक टिकवतात, हे लेखकाचे मुख्य प्रतिपादन होय. त्यासाठी त्यांनी अहमदाबादच्या तुलनेस सुरत घेतले आहे.

डिसेंबर १९९२ मध्ये सुरतेत भीषण हिंसाचार झाला. परंतु जुने शहर बव्हंशी शांत राहिले आणि आग भडकली ती बाहेरच्या कामगार वसाहतींत. जुन्या शहरात दोन्ही समाजांचे व्यापारी एकाच संघटनेत बसत, म्हणून अफवा तिथल्या तिथे विझली, असे लेखक दाखवतात. हे पटण्याजोगे आहे. मात्र खरा प्रश्न इथूनच सुरू होतो. ज्यांची घरे जळाली, ते त्या बैठकीत कधीच नव्हते. माग चालवणारा ओडिया, उत्तर भारतीय वा खानदेशी कामगार मीटरवर मजुरी घेतो, बारा तासांची पाळी करतो. त्याला बसायला संघटनाच नाही. यान ब्रेमन यांनी १९९३ मध्येच सुरतच्या हिंसाचाराचा विचार करताना या असंघटित श्रमिक जीवनाकडे लक्ष वेधले होते. व्यापाऱ्यांची सहमती ही बाजार उघडा ठेवण्याची सहमती असते. तिला समेट म्हणणे घाईचे ठरेल. (बाजार उघडा राहणे ही किरकोळ गोष्ट आहे, असे मात्र मुळीच नाही.)

या संदर्भात भिवंडीचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९८४ च्या दंगलीने होरपळलेल्या या यंत्रमागांच्या गावात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. तिथे व्यापाऱ्यांपुरती निवड न करता सामान्य रहिवाशांना पोलिसांसमोर बसवले गेले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. पण ही रचना एका अधिकाऱ्याच्या पुढाकारातून आली होती, तिचा आधार सरकारी होता; अधिकारी बदलल्यावर तिचे काय, हा प्रश्न उरतोच. शिवाय अशा समितीत आजच्या अफवेवर बोलणे सोपे असते. मागच्या दंगलीतील भरपाई, खटले, घर सोडून गेलेल्यांचे परतणे हे विषय कार्यक्रमपत्रिकेवर क्वचितच येतात, आणि समेटाची कसोटी तर तिथेच लागते.

वार्ष्णेय दंगल का टळते ते सांगतात. दंगलीनंतर एकत्र कसे बसावे, हा त्यांच्या ग्रंथाचा विषय नाही. अध्यापकांनी हा ग्रंथ वर्गात घेताना ही मर्यादा आधी सांगावी. लिंबायत किंवा उधना येथून येणाऱ्या हिंदू आणि मुस्लिम विद्यार्थ्यांना मजुरीचा दर व पाळीचे तास हा समान विषय देऊन एकत्र माहिती गोळा करायला लावता येईल. १९९२ चा विषय त्यांच्यापैकीच कोणीतरी काढेल. तेव्हा तो थांबवू नये.